डाव्या कानाची शालान्त परीक्षा

तिसाकाठ, १२ सप्टेंबर २०२४

प्रिय एतेल्का,

सहा वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं, असं तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगतो, सगळे जागच्या जागी आहेत. शेजारच्या गिझेल्लाची दोन बदकं तेवढी कोल्ह्यानं नेली. पण बदकांसाठी मी थेट शोप्रोनपर्यंत पत्र धाडलं नसतं.

माझ्या ओळखीत एक म्हातारा आहे. वय चौऱ्याहत्तर. जन्मभर तिसा नदीवर फेरीबोट चालवली, इकडची माणसं तिकडे, तिकडच्या गाई इकडे. शाळेचं शेवटचं वर्ष तेवढं राहिलं ते राहिलंच. तर या गृहस्थानं, निवृत्त होता होता तू मोठ्या माणसांसाठी जी ऑनलाइन शाळा काढलीस ना, तिच्यात नाव घातलंय. का घातलं ते विचारू नकोस. वेळ जात नाही म्हणून, असं तो सांगतो.

पहिल्या दिवशीची गंमत ऐक. पडद्यावर चोवीस चौकटी. साहित्याच्या बोरोका बाई आल्या. वयानं माझ्या बोटीच्या इंजिनापेक्षा लहान. बाई आल्या की उभं राहायचं आणि त्या आठवड्याच्या मॉनिटरनं हजेरीची वर्दी द्यायची, हे आपल्या हाडांतच मुरलेलं. म्हातारा ताडकन उभा राहिला, खुर्ची मागे आपटली, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "बाई, सविनय वर्दी देतो, पटावर चोवीस, हजर तेवीस, गैरहजर एक!" लोकांना पडद्यावर दिसलं काय? पट्टा, पोट, आणि घाईत लावायचं राहिलेलं विजारीचं एक बटण.

"काका," बाई म्हणाल्या, "वर्दी उत्तम. ती कोण देतंय तेवढं दिसत नाहीये."

बरं, तो म्हातारा मीच. तू पहिल्याच वाक्याला ओळखलं असशील, लहानपणीही माझं खोटं तुझ्यापाशी फार वेळ टिकत नसे.

तुझ्या निरोपाच्या जेवणात पेला हातात घेऊन मी जे बोललो, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "जिथे पोराला कोपऱ्यात उभं करता येत नाही ती शाळा कसली? तो तर टीव्ही!" सगळं टेबल हसलं. तू केक कापायची सुरी खाली ठेवलीस आणि आत गेलीस. त्याबद्दल या पत्रात काही लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. तरी लिहिलं गेलं.

तुझा भाऊ,
आंब्रुश

९ ऑक्टोबर

एतेल्का,

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनंतर पाच शब्द, "दादा, कॅमेरा थोडा वर कर." मी ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. गिझेल्लानं दोनदा वाचून विचारलं, "एवढंच?" म्हटलं, अहो, पाच आहेत, पाच!

कॅमेरा वर केला. आता वर्गाला माझं कपाळ दिसतं.

खरं सांगू का, तुझ्या शाळेत मला करमत नाही. वर्गाला वास कुठे आहे? आपल्या त्या शाळेत सप्टेंबरात लाकडी जमिनीला तेल लावायचे, त्यात खडूची पूड, ओल्या कोटांची लोकर, आणि कोणाच्या तरी दप्तरातून सॉसेजची पुरचुंडी. डोळे मिटून सांगता यायचं की आज गुरुवार आहे. आणि पुढच्याची मान! वर्षभर एकाच माणसाच्या मानेकडे बघत बसलं की तो माणूस कायमचा आपला होतो. इथे सगळे समोरून दिसतात, कपाट आणि पडद्यांसकट, पण मान कुणालाच नाही.

परवा बाईंना गळ घातली, कविता एका सुरात म्हणूया, पूर्वी म्हणायचो तशी. नदीवरची ती, जिच्यात धुकं होडीला विचारतं, काठ कुठल्या बाजूला राहिला म्हणून. बाई तयार झाल्या. मी हात वर करून ताल दिला. एतेल्का, गिझेल्लाच्या अंगणात कोल्हा शिरला तेव्हा बदकांनी जे केलं, तेच त्या चोवीस चौकटींनी केलं. प्रत्येकाचा आवाज आपापल्या वेळेला पोचत होता. आमचं धुकं दुसऱ्या कडव्यात होतं तेव्हा देझोचं अजून पहिल्यातच. शेवटची ओळ सहा वेळा संपली.

"काका," देझो म्हणाला, "तुमची होडी पोचली, पण आम्ही मधेच बुडालो!"

हा देझो ट्रक चालवतो. धडा सुरू झाला की कुठल्यातरी महामार्गाच्या कडेला उभा राहतो आणि स्टिअरिंगवर वही टेकवतो. पहिल्या दिवशीचा गैरहजर तोच, सीमेवरच्या रांगेत अडकला होता. चेंगे म्हणून एक पोरगी आहे, बावीस वर्षांची, तिची चौकट बहुतेकदा काळी असते, कारण ती बाळाला पाजत असते. उत्तरं मात्र तीच सगळ्यांत आधी देते. काल बाळ रडायला लागलं तर म्हणाली, "बाई, याला अपूर्णांक मान्य नाहीत."

आमच्या वेळी असती तर तिला शाळेच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं. हे मी जेवणाच्या दिवशी विचारात घेतलं नव्हतं.

पण म्हणून टीव्हीची शाळा होत नाही. एवढंच म्हणतो.

आंब्रुश

४ डिसेंबर

प्रिय एतेल्का,

गिझेल्लाच्या मुलानं बुडापेस्टहून कानांवर घालायचे हेडफोन पाठवले. त्याला माझी दया आली म्हणून नव्हे. माझा वर्ग त्याच्या आईला तिच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि ती फोनवर त्याला व्याकरण शिकवायला लागली होती.

हेडफोन घातले आणि बोरोका बाई माझ्या खांद्यावर येऊन बसल्या. दुसरा शब्द सुचत नाही. ओळ संपताना त्या श्वास कुठे घेतात ते ऐकू आलं. 'स' म्हणताना त्यांच्या दातांतून हलकी शीळ येते. वाचताना त्यांनी पान उलटलं, ते पानही ऐकू आलं. बाईंनी विचारलं, "आंब्रुश काका, काही अडचण?" मी म्हटलं, "नाही बाई, सर्दी आहे."

माझा डावा कान बंद आहे हे तुला माहीत आहे. म्हणजे 'जरासं कमी ऐकू येतं' एवढं घरात सगळ्यांना माहीत होतं. सहाव्या वर्षी ताप आला, डावा पुरता गेला आणि उजवा अर्ध्यावर राहिला, हे कळण्याइतकं बारीक कोणी पाहिलं नाही, आणि मी पाहू दिलं नाही. ओठ वाचायला शिकलो. सगळे हसले की हसायचं, कोणी थांबून बघायला लागलं की मान हलवायची. मास्तर फळ्याकडे तोंड करून बोलायचे, आणि फळ्याला ओठ नसतात.

फक्त कविता एका सुरात म्हणायची वेळ आली की माझं ठीक असायचं. चाळीस पोरं एकदम बोलायची तेव्हा बाक थरथरायचा. मी तळवे लाकडावर ठेवायचो, आणि कविता तळव्यांतून यायची. मला वाटायचं, सगळ्यांना ती तशीच येते.

नाताळासाठी खसखस भरलेल्या गोड पावाची गुंडाळी तू अजून आईच्या पद्धतीनं करतेस का? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही. गिझेल्ला करते, पण हात आखडता घेते.

आंब्रुश

२ मार्च २०२५

एतेल्का,

तुझी गुंडाळी जानेवारीत मिळाली. टपालात दगड झाली होती, कॉफीत बुडवून संपवली. सोबत चिठ्ठी नव्हती, तरी मला पुरली.

आता गणिताचं. सराव परीक्षेत शंभरात नऊ मिळाले. उत्तीर्ण व्हायला पंचवीस लागतात. नवातले चार सुवाच्य अक्षराचे असावेत, असा देझोचा अंदाज.

गणिताचे सर धडे ध्वनिमुद्रित करून ठेवतात. मी समीकरणांचा धडा लावला. कळला नाही. परत लावला. माणसाला एवढ्या वेळा "पुन्हा सांगा" म्हटलं असतं तर त्यानं मला खिडकीतून बाहेर फेकलं असतं. हा धडा मात्र कितीही वेळा तितक्याच सौम्य आवाजात पहिल्यापासून सांगतो. अकराव्या वेळेला सर म्हणाले, "पद बरोबरच्या चिन्हापलीकडे जातं तेव्हा उणं होतं, कारण आपण दोन्ही बाजूंतून तेच वजा करतो." अगं, कारण आहे त्याला! मी सत्तावन्न वर्षं समजत होतो की नदी ओलांडली की पदाचा मूड बदलतो. मी उठून अंगणात गेलो आणि गिझेल्लाला कुंपणावरून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग? हे तर सगळ्यांना माहीत असतं."

हो. सगळ्यांना माहीत असतं, कारण सगळ्यांनी ते १९६७ साली वर्गात ऐकलं होतं.

आता जे लिहायला सप्टेंबरात बसलो होतो ते लिहितो. सहा महिने इकडची तिकडची बदकं हाकली, पुरे झालं.

बाबा आजारी पडले, मी शाळा सोडून बोटीवर गेलो, म्हणून तू शिकलीस, मास्तरीण झालीस, मुख्याध्यापिका झालीस. आपल्या घरात ही गोष्ट प्रार्थनेसारखी सांगितली जायची. आई सांगायची, मामा सांगायचे, तुझ्या लग्नात पाद्रीबाबांनीही सांगितली. तू प्रत्येक वेळी खाली मान घालून ऐकलंस. मीही ऐकलं, आणि कधीच अडवलं नाही.

खरं असं आहे. त्या वसंतात मी गणितात दुसऱ्यांदा नापास झालो होतो. मास्तरांनी फळ्याशी बोलावलं, मला प्रश्न ऐकू आला नाही, मी मान हलवली. त्यांनी परत विचारलं, मी परत मान हलवली. वर्ग हसला, म्हणून मीही हसलो. त्यांनी मला तासभर कोपऱ्यात उभं केलं. तिथे उभ्या उभ्या मी ठरवलं की इथे परत यायचं नाही. बाबा अंथरुणाला खिळले ते त्यानंतर तीन आठवड्यांनी. मला, देव क्षमा करो, सुटल्यासारखं वाटलं. घरी एकदम सगळे माझ्याकडे आदरानं बघायला लागले. सतरा वर्षांच्या मुलाला तो आदर परत करवत नाही, आणि मग दरवर्षी ते आणखी कठीण होत गेलं.

मी तुझ्यासाठी काही सोडलं नव्हतं, एतेल्का. तू जे मिळवलंस ते तुझं तू मिळवलंस. माझ्यापुढे मान खाली घालायचं तुला कधीच कारण नव्हतं.

आंब्रुश

४ मे

प्रिय एतेल्का,

दोन महिने झाले. तुझं कार्ड नाही, दगड झालेली गुंडाळीही नाही. समजतो. तरी परवाचं तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि सांगायला मला दुसरी बहीण नाही.

शाळेनं शहरातली इमारत एक दिवसासाठी उघडली आणि आमची निरोपाची फेरी झाली. तुझी शाळा संपताना झाली होती तशीच. हातात फुलं, खांद्याला पोगाचाची, त्या खाऱ्या छोट्या पावांची, चिमुकली थैली, उजवा हात पुढच्याच्या खांद्यावर, गाणं म्हणत एका वर्गातून दुसऱ्या वर्गात. आम्ही ज्या वर्गांचा निरोप घेत होतो, त्यांत आम्ही पूर्वी कधी पाऊलही टाकलं नव्हतं. देझो प्रत्येक दारात टोपी काढून म्हणत होता, "येतो हं, ओळख झाली नाही, क्षमा असावी."

आणि तो देझो! चौकटीत सगळ्यांची डोकी सारखी. वर्षभर मी त्याला ताडमाड समजत होतो. माझ्या काखेतून सहज जाईल एवढाच आहे. मी बघतच राहिलो, तर म्हणाला, "काका, ट्रक उंच आहे ना, मग पुरे." चेंगे बाळाला कडेवर घेऊन आली. बाळानं सगळ्यांना आवाजावरून ओळखलं आणि चेहरे बघून भोकाड पसरलं.

शेवटच्या वर्गात बाई म्हणाल्या, "आंब्रुश काका, आता द्या ताल." आम्ही बाकांवर बसलो. मी हात वर केला. नदीवरची कविता चोवीसजण एकदम बोललो, आणि शेवटची ओळ एकदाच संपली. माझे तळवे बाकावर होते.

मला विचारशील तर वर्ग जिंकला. पण त्या बाकांवर बसलेले तेवीसजण मला तुझ्या टीव्हीनं दिले, हेही आहे. शिवाय मी हा निकाल देणारा कोण? एक शाळा मी सोडून पळालो आणि दुसरीला हसलो.

तोंडी परीक्षा १९ जूनला, सकाळी नऊ वाजता, त्याच इमारतीत, पहिला मजला. मी तुला बोलावत नाहीये. फक्त तारीख लिहितोय.

आंब्रुश

२२ जून

प्रिय एतेल्का,

काल तुला गाडीत बसवून घरी आलो आणि लगेच कागद घेतला. तू म्हणशील, दोन दिवस समोरासमोर बसलो होतो, तेव्हा तोंडाला काय झालं होतं? परीक्षेच्या खोलीत काय घडलं ते मी तुला अर्धवट सांगितलं. पूर्ण ऐक.

गणिताचा निकाल कळला होता. शंभरात एकतीस. पाचपैकी दोन, म्हणजे उत्तीर्ण. सर म्हणाले, त्यांच्या कारकिर्दीत एकतिसासाठी कुणी त्यांचे हात इतके घट्ट दाबले नव्हते.

साहित्याच्या तोंडीला मी बाबांचा काळा सूट घातला. खोली केवढी तरी मोठी, छत उंच, खिडक्या उघड्या, बाहेर ट्राम. हिरवं कापड घातलेलं लांब टेबल, त्यावर पालथ्या चिठ्ठ्या. पलीकडे बोरोका बाई आणि बाहेरच्या शाळेतून आलेले अध्यक्ष, त्यांना भरघोस मिशी. ओठ मिशीखाली, एतेल्का! मी सातवी चिठ्ठी उचलली. मानवी जीवन आणि नदी, कवितेतली. माझ्यासाठीच लिहिल्यासारखी. तयारीला वेळ दिला, मी तो सगळा वेळ खिडकीतून आनंदानं बाहेर बघत काढला.

मग मला पुढे बोलावलं. अध्यक्षांची मिशी हलली. मी मान हलवली. त्यांच्या भुवया वर गेल्या, मिशी परत हलली. मी परत मान हलवली, आणि हसलो. त्यांनी माझ्या हातातल्या चिठ्ठीसाठी हात पुढे केला. तेवढ्यात मला बोरोका बाईंचा चेहरा दिसला. पांढराफटक पडला होता.

ते काय विचारत होते ते मला नंतर कळलं. "तुम्ही काहीच लिहिलेलं दिसत नाही. ही चिठ्ठी टाकून दुसरी घ्यायची आहे का? अर्धे गुण जातील." आणि मी दोनदा हो म्हटलं होतं.

सतरा वर्षांचा होतो तेव्हा अशाच क्षणी मी कोपऱ्यात गेलो होतो. आणि खरं सांगतो, पाय आताही दाराकडेच वळले. मग मी ती चिठ्ठी छातीशी धरली आणि म्हणालो, "थांबा. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजव्यानं थोडंच येतं. तुम्ही काय विचारलंत ते मला समजलेलं नाही."

हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. वाटलं होतं छत कोसळेल. अध्यक्ष काय म्हणाले असतील? "अहो, मग आधी नाही का सांगायचं!" उठले, आपली खुर्ची उचलून टेबलाला वळसा घालून आले आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसले, इतके जवळ की त्यांच्या मिशीला कॉफीचा वास होता तेसुद्धा कळलं. मग मी बोललो. फार बोललो. मधेच ते म्हणाले, "काका, कविता म्हणून दाखवू नका, तिच्याविषयी सांगा." मी म्हटलं, "साहेब, तेच तर करतोय." पाचपैकी चार दिले. पाचवा त्या वाक्यापायी गेला असणार.

बाहेर आलो तर व्हरांड्यात तू. हातात छत्री, डोक्यावर ती निळी हॅट, केस सगळे पांढरे. मला वाटलं, रागावशील. तू म्हणालीस, "दादा, तुझं प्रगतिपुस्तक मला तू शाळा सोडलीस त्याच वर्षी आईच्या गादीखाली सापडलं होतं. गणित, नापास, नापास. आणि खाली मास्तरांचा शेरा, लक्ष देत नाही. बारा वर्षांची होते मी. मला तेव्हाच कळलं होतं की तू लक्ष देतोस, तुला ऐकू येत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू किती ऐटीत होतास! तुझी ऐट मी कशी मोडू? वाटलं, कधीतरी आपणहून सांगशील. अठ्ठावन्न वर्षं घेतलीस, गाढवा."

"आणि मार्चपासून गप्प का?"

"रडत होते. मग चिडले. मग परत वाचलं. घाई कसली होती?"

मी त्या जेवणाच्या दिवसाबद्दल काहीतरी पुटपुटायला लागलो, तर तू छत्री फरशीवर आपटलीस.

"अरे, पाहिजे तेवढ्या वेळा परत ऐकता येईल अशी शाळा मी कुणासाठी काढली होती, असं वाटतं तुला? चौसष्टाव्या वर्षापर्यंत मी एका मुलासाठी शाळा बांधत होते, आणि तो मुलगा पेला घेऊन उठला आणि तिला टीव्ही म्हणाला!"

मी हाताची ओंजळ करून डावा कान पुढे केला. तू उसासा टाकलास, वळसा घालून उजवीकडे आलीस, आणि तेच परत सांगितलंस, इतक्या मोठ्यांदा की देझो, चेंगे, तिचं बाळ आणि जिन्यावरचा शिपाई, सगळ्यांनी ऐकलं.

तर हेच लिहायचं होतं, एतेल्का, आणि यापुढे तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो. मला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं.

तुझा,
आंब्रुश